रुमालाबाहेरचा भाव

कोल्हापूर, १४ नोव्हेंबर १९५४

चि. वीरभद्र यास अव्वाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मिळालं. जिनिव्हाला पोचलास, थंडी लई हाय आणि कचेरीतल्या खुर्च्या मऊ हायत, हे तिन्ही कळलं. जेवतोस काय ते लिवलं न्हाईस, म्हणजे उपाशीच असणार. शेंगदाण्याची चटणी दिलती ती पहिल्याच दिवशी वाटून मोकळा झाला असशील. अप्पांचाच लेक की तू.

हिकडची हकीकत अशी. दिवाळीच्या पाडव्याला गुळाच्या पेठेत मुहूर्ताचा सौदा झाला. अप्पा गेल्यावरचा हा पहिला हंगाम. त्यांचा तांबडा रुमाल मी आकाराम दिवाणजींच्या हातात दिला आणि खरेदीला त्यांना पुढं धाडलं. तुझ्या साहेबलोकांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून रीत लिवते. शेतकऱ्याचा गूळ अडत्या विकतो. अडत्या आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, भाव बोटांनीच ठरतो, आणि ज्याचा गूळ तो बापडा बाजूला उभा राहून रुमालाकडं बघत बसतो. कायद्यानं हे बंद हाय म्हणतात. कायदा मुंबईत, रुमाल हितं.

दिवाणजींचा हात आता थरथरतो. अडत्यानं एकेका थरथरीला आठ आठ आणे वाढवून धरले. मी वखारीच्या दारातनं बघत होते, ओरडायचीच तेवढी ऱ्हायले. संध्याकाळी तुझे बसलिंगाप्पा काका आले. पेठेत त्यांची अडत सगळ्यांत मोठी, तेव्हा बोलणंही मोठंच. म्हणाले की दिवाणजी थकले, बाईमाणसानं परक्या पुरुषाची बोटं धरायची न्हाईत, तेव्हा अप्पांची गादी आता त्यांच्याकडं यावी, न्हायतर वीरभद्राला बोलवून घ्यावं. संक्रांतीपर्यंत मुदत दिलीया. मी म्हणाले, चहा घ्या.

गादी देणार न्हाय आणि तुला बोलवणार न्हाय. मधली वाट शोधते. तुझं काम मात्र मला कळंल असं लिव. शेजारच्या शालूबाई रोज विचारतात, पोरगं तिकडं विकतं तरी काय म्हणून.

लोभ हाय तसाच असू दे, कमी झाला तर तिथं येऊन कान धरीन.
तुझी अव्वा, रत्नव्वा


जिनिव्हा, २६ नोव्हेंबर १९५४

ति. अव्वाच्या चरणी वीरभद्राचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून हसलो. काकांना तू चहा पाजलास म्हणजे पुढचं मी ओळखलं. चटणीबद्दलचा तुझा अंदाज खरा आहे. ती दोन दिवस पुरली, एवढीच दुरुस्ती.

शालूबाईंना सांग की मी काही विकत नाही, बोललेलं टिपून घेतो. सात वर्षांमागं पुष्कळ देशांनी मिळून व्यापाराचा एक करार केला. कुठल्या मालावर किती जकात, कुणाचा माल कसा अडवायचा नाही, असं सगळं त्यात आहे. आता तो करार दुरुस्त करायला सगळे जमलेत. व्यापाराचं बघणारे हे, चलनाचं बघणारी संस्था निराळी, जकातीच्या याद्या लावणारी मंडळी आणखी तिसरीकडं. एकाचा कायदा दुसऱ्याच्या आड येऊ नये म्हणून दिवसभर शब्द घासत बसतात, आणि मी आपल्या शिष्टमंडळाचा लघुलेखक म्हणून ते घासलेले शब्द उतरवून घेतो.

कराराचं पहिलंच कलम तुला आवडेल. कुठल्याही देशानं एकाला जी सवलत दिली ती बाकी सगळ्यांना तशीच द्यायची, ताबडतोब, आणि कसलीही अट न घालता. जकातीची घासाघीस इथंही दोघं दोघं दार लावूनच करतात, पण ठरलं की ते सगळ्यांसमोर मांडावं लागतं आणि सगळ्यांना लागू होतं.

संक्रांतीची चिंता वाटते. तू हट्ट करू नकोस, असं लिहिणार होतो, पण कुणाला लिहितोय ते आठवलं. दिवाणजींना नमस्कार. तुझा आशीर्वाद इथल्या थंडीला पुरून उरतो, तेवढा पाठवत राहा.
तुझा वीरभद्र


कोल्हापूर, ९ डिसेंबर १९५४

चि. वीरभद्र यास अनेक आशीर्वाद. वि. वि. तीन संस्थांचं वाचलं. तीन जावांना एका चुलीवर रांधायला लावल्यासारखं दिसतंय. चालू द्या. पण ते पहिलं कलम मी दिवाणजींकडनं चारदा वाचून घेतलं. तुमच्यात दार लावतात, पण शेवटी उघडतात तरी! आमचा रुमाल काय उचलत न्हाय.

मग मी काय केलं ते ऐक, आणि खुर्ची धरून बस. सोमवारी दिवाणजींना घरी ठेवलं आणि मी सौद्याला गेले. डोक्यावर पदर, हातात सुरी. पहिल्या ढिगातल्या ढेपेचा गूळ खरवडून तोंडात टाकला, चांगला पिवळाधमक, कणीदार. अडत्यानं सवयीनं रुमाल पुढं केला आणि मग जीभ चावली. मी म्हणाले, बोटं तुमची तुमच्याजवळ ठेवा, देवानं मला तोंड दिलंया. आणि मोठ्यांदा भाव बोलले. वर सांगितलं की ह्या रंगाच्या गुळाला आज माझा हाच भाव, वडणग्याचा असो की कागलचा, पाटलाचा असो की कुळाचा. जे एकाला ते सगळ्यांना.

मग शेतकऱ्यांत कुजबुज. वडणग्याच्या केरबानं तिथल्या तिथं आपल्या अडत्याला विचारलं की अगदी ह्याच रंगाचा माझा गूळ काल रुमालाखाली कितीला गेला. अडत्याला खोकल्याची उबळ आली.

एक बोलते, रागावू नकोस. रात्रंदिवस अप्पांची आठवण येते, पण त्यांचा हातही वीस वर्षं त्याच रुमालाखाली होता. केरबासारख्यांच्या तोंडचं त्यांनीही काढलं असणार. त्याच पैशांवर तू शिकलास. तेव्हा हे मलाच निस्तरायला पाहिजे.

माया कमी करू नकोस, आणि सकाळी दूध पीत जा.
तुझी अव्वा


कोल्हापूर, १६ डिसेंबर १९५४

चि. वीरभद्र यास बसलिंगाप्पाचे आशीर्वाद. वि. वि. पत्रास कारण की वहिनींचे वागणे. भर पेठेत बाई उभी राहून मेथीची जुडी विकावी तसा भाव ओरडते. आपल्या घराण्याच्या चार पिढ्या या पेठेत गेल्या, कुणाचा आवाज रुमालाबाहेर आला नाही. विचारले तर सांगते की जिनिव्हात असाच कायदा आहे. हे खूळ तुझ्या पत्रातून आले, असे मी समजतो.

मी वाईट माणूस नाही. दादा गेल्यावर हे घर मीच सावरायला पाहिजे. रुमाल उचलला तर उद्या प्रत्येक शेतकरी भावाचा हिशेब विचारील आणि अडत म्हणून काही उरणार नाही, हे तुझ्यासारख्या शिकलेल्याला कळावे. तू ताबडतोब निघून ये आणि अप्पांच्या जागी बस. ते नसेल तर गादी माझ्या नावाची कर. संक्रांतीनंतर मी कुणाचे ऐकणार नाही, आणि मग वहिनींचे जे होईल त्याचा दोष मला देऊ नये.

प्रकृतीस जपावे. ममता आहेच, ती गृहीत धरावी.
बसलिंगाप्पा


जिनिव्हा, २८ डिसेंबर १९५४

ति. अव्वास शि. सा. न. वि. वि. काकांचं पत्र आलं. तुझा पराक्रम वाचून आमच्या खोलीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, पण काकांचं वाचून माझी झोप उडाली. ते तुला एकटीला गाठून मोडतील. मी राजीनामा लिहिला आहे, साहेबांच्या टेबलावर अजून ठेवलेला नाही इतकंच. पुढच्या महिन्यात बोट मिळेल. मी आलो की रुमालात हात घालायला घरचा पुरुष होईल आणि गादी वाचेल. इथं कुणीही टिपून घेऊ शकतं.

नाही म्हणू नकोस.
तुझा वीरभद्र


कोल्हापूर, ६ जानेवारी १९५५

वीरभद्र यास. आशीर्वाद आधी देत न्हाय, शेवटी बघू.

आलास तर तंगडी मोडून ठेवीन! रुमालात हात घालायला पुरुष येईल म्हणे. अरे शहाण्या, मी तो रुमालच बंद करायला निघालेय आणि तू त्यात हात घालायला सातासमुद्रापल्याडनं येणार? मग माझ्यात आणि काकांत फरक काय ऱ्हायला? जगातले देश बोलतात ते आपल्या वतीनं लिवून घेणारा माझा लेक हाय, हे मी पेठेत ताठ मानेनं सांगते. तो कागद फाड. फाडल्याचं पत्र येईस्तोवर मी शेंगदाण्याची चटणी धाडणार न्हाय.

आता हिकडचं. तुझे काका हुशार खरे. त्यांनी सगळ्या अडत्यांना गोळा करून ठरवलंय की संक्रांतीनंतरच्या सोमवारी पेठेतल्या पिवळ्या गुळाची एकूण एक गाडी माझ्या दारात उभी करायची. मी सगळ्यांना एकच भाव म्हटलंय ना, मग घे म्हणावं सगळाच. भावनगरच्या माझ्या गिऱ्हाइकाला एवढा गूळ तीन वर्षांत लागत न्हाय. घेतला तर वखार बुडाली, न्हाय म्हटलं तर रत्नव्वा आपला शब्द गिळते असं सगळी पेठ म्हणणार. दोन्हीकडनं गादी गेलीच.

तुमच्यात असं झालं तर देश काय करतात ते लिव. भीती वाटते. पण न्हाय म्हणणार न्हाय.

बरं, घे आशीर्वाद.
अव्वा


जिनिव्हा, १४ जानेवारी १९५५

ति. अव्वास शि. सा. न. वि. वि. राजीनामा फाडला. तुकडे पाकिटात घातले आहेत, मोजून घे आणि चटणी पाठव.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गळ्याशी आलं तर देशाला काही काळ हात आखडता घेता येतो, मात्र ते चोरून करायचं नाही, आधी सगळ्यांना सांगून करायचं. आणि सध्या इथं भांडण चाललंय ते नेमकं तुझंच. मोठे देश म्हणतात की नियम सर्वांना सारखा. आपली माणसं म्हणतात की सारखा असू दे, पण ज्याची वखार लहान त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा, नाहीतर बलवानाला दुबळ्याचा शब्दच त्याच्या गळ्याला फास म्हणून वापरता येईल. आठ दिवस अडून बसलेत. तूही तेच कर. किती गाड्या घेणार ते पहाटेच सगळ्यांसमोर बोल. त्यात कमीपणा नाही.

हे पत्र सोमवारच्या आत पोचावं एवढीच प्रार्थना. तुझ्या मायेवर विसंबलेला,
वीरभद्र


कोल्हापूर, २४ जानेवारी १९५५

चि. वीरभद्र यास अव्वाचे मोजता येणार न्हाईत इतके आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र शनिवारी पोचलं. सोमवार त्याच्या आधीच होऊन गेला. पण उशिरा आलं तेच बरं झालं, न्हायतर मी शहाण्यासारखी वागले असते.

सकाळी दार उघडलं तर बत्तीस गाड्या. कोपऱ्यापर्यंत बैलच बैल. समोरच्या कट्ट्यावर तुझे काका पानदान घेऊन बसलेले. मी भाव बोलले आणि गुळाच्या ढेपा उतरवून घ्यायला लागले. नऊ गाड्यांत वखार भरली. मग दिवाणजींनी आणि मी माजघरातला पलंग बाहेर काढला आणि घरात गूळ लावला. पार देवळीपर्यंत. लिंगपूजेला बसायला तेवढी जागा सोडली. तेराव्या गाडीला स्वयंपाकघर गेलं. तोंडातनं पुढची गाडी घ्या, पुढची घ्या, एवढंच येत होतं.

चौदावी गाडी केरबाची. तो खाली उतरला, घरात डोकावला आणि विचारायला लागला की माझा गूळ ठेवणार कुठं. मी म्हणाले, डोक्यावर ठेवीन, तू उतरव. तो हसला न्हाय. मागं वळून सगळ्या गाडीवानांना मोठ्यांदा म्हणाला की चांगला भाव हाय म्हणून अडत्यांनी आपल्याला हितं आणलं, बाईला मोडायला आपलाच गूळ वापरायचा हे सांगितलं न्हाय. आज ही मोडली तर उद्यापासनं आपण परत रुमालाकडं बघत बसायचं. असं म्हणून त्यानं गाडी फिरवली आणि नीट काकांच्या कट्ट्याला नेऊन भिडवली. म्हणाला, माझा गूळ हितंच विकणार, पण भाव तोंडानं बोला, मला कान हायत.

त्याच्यामागं दुसरी फिरली, मग तिसरी. कागलची तानाबाई हाय ना, स्वतः गुऱ्हाळ घालते ती, तिनं अडत्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि आपल्या बैलाच्या शिंगाला बांधला! सगळी पेठ हसली. दुपारपर्यंत कोंडी. गाड्या हलंनात, हमाल बसलेले, घेणाऱ्यांना आपापल्या गिऱ्हाइकांना गूळ धाडायचा होताच. शेवटी तुझ्या काकांनीच तोंड उघडलं. चार पिढ्यांचा आवाज एकदम बाहेर आला. त्या दिवसापासनं पेठेत भाव तोंडानं चाललाय.

काल ते घरी आलते. घसा पार बसलाय, शब्द फुटत न्हाय. ओरडायची सवय कुठं हाय त्यांना. गुळाच्या ढिगामधनं वाट काढत आत आले, गादीचं नाव काढलं न्हाय. मी म्हणाले, चहा घ्या. आलं जास्त टाकलं. जाताना खुणेनं विचारलं की वीरू बरा हाय न्हवं.

तुझी युक्ती मात्र घेतली. आता सकाळीच भाव सांगते आणि आज इतक्याच गाड्या हेही सांगते. कुणी नाव ठेवत न्हाय. घरातला गूळ हळूहळू भावनगरला चाललाय, काल रात्री पलंग आत आला. तुझ्या साहेबांना सांग की श्वासाला नुसती जागा मागू नका, अडून बसलाय तसेच बसा. बत्तीस गाड्या दारात असताना मी बसले, त्यांना मऊ खुर्च्या हायत.

चटणी धाडलीया. सोबत केरबाच्या गाडीतला गूळ हाय, तो अप्पांच्या तांबड्या रुमालात बांधलाय. त्या रुमालाला आता हितं काम ऱ्हायलं न्हाय. कचेरीत सगळ्यांसमोर सोड. तुझ्या लाडक्या साहेबाला आधी देशील, मला ठाऊक हाय. दे. पण मग त्या मोठ्या देशवाल्यांना, छोट्या देशवाल्यांना, दारावरच्या शिपायालाही द्यावा लागंल, ताबडतोब आणि अट न घालता. कलम तुमचंच हाय.

जीव लावतोस तसाच लावत ऱ्हा.
तुझी अव्वा