उजव्या कोपऱ्यातला ठिपका

बाबा, माझं काम काय आहे हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, कारण ते मला लागलं तेव्हा तुम्ही नव्हता. समता कॉलनीत दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. एक डॉक्टर मॅडम कामगारांच्या आजारांचा अभ्यास करतात आणि त्यांनी गोळा केलेल्या आकड्यांचे आलेख मी काढते. हाताने नाही, कॉम्प्युटरवर कोड लिहून. एक माणूस म्हणजे एक ठिपका. आडव्या अक्षावर त्याने मिलमध्ये किती वर्षं काढली ते, उभ्या अक्षावर नळीत फुंकल्यावर किती हवा बाहेर पडली ते. या वेळचे ठिपके उरला इंडस्ट्रियल एरियातले आहेत, तुमच्याच रोलिंग मिलचे. गेटवर झालेल्या त्या जुन्या तपासणीचे कागद मॅडमना मिळाले, नावं खोडलेले. तिथल्या काही विधवांनी भरपाईचा दावा लावला आहे. धुळीत जितकी वर्षं जास्त तितका श्वास कमी, हे कोर्टाला एका नजरेत दिसावं म्हणून हा आलेख. ठिपक्यांमधून एक रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते. ती जितकी खाली उतरेल तितकी त्या बायकांची बाजू भक्कम.

त्या रेषेचं समीकरण आलेखातच लिहायचं असतं. मॅडमना तीन ओळी हव्या होत्या: वर समीकरण, त्याखाली आर वर्ग, म्हणजे रेषा ठिपक्यांना कितपत बसते तो आकडा, त्याखाली माणसं किती. ऐकायला सोपं आहे. पण मशीन वर्गाचा दोन वर चढवेना, आर, मग टोपीसारखी खूण, मग दोन असं भलतंच छापून मोकळं झालं. ते सुधारलं तर अक्षरं तिरपी हवीत आणि आकडे सरळ. तेही जमलं, तर तिन्ही ओळींतली बरोबरची चिन्हं एकाखाली एक येईनात, कारण डावीकडे कुठे एक अक्षर, कुठे दोन. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, चालतंय की. मला चालेना. शेवटी प्रत्येक ओळीचे तीन तुकडे केले. डावा तुकडा उजवीकडे टेकवला, चिन्ह मधे ठेवलं, उजवा तुकडा डावीकडे टेकवला. मग ती तिन्ही चिन्हं शहाण्या मुलांसारखी रांगेत उभी राहिली आणि मला तुमचा आवाज ऐकू आला.

आठवतं का? मी नववीत होते. तुम्ही ड्यूटीवरून आलात, माझी गणिताची वही उचललीत आणि कपाळाला आठ्या घातल्यात. "हे चिन्ह एकाखाली एक काहून नाही? दारू पिऊन चालून राहिलं का ते?" मी म्हटलं, बाबा, उत्तर बरोबर आहे. "उत्तर मले समजत नाही. वाकडं मले समजते. पुसून टाक." बरोबर आलेलं गणित तुम्ही मला खोडरबराने पुसायला लावलंत. मी रडले, आई तुमच्यावर ओरडली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गोल बाजारातून स्टीलची पट्टी घेऊन आलात. मला कंपासपेटी हवी होती. पण त्या पट्टीवर एकही पोचा नाही, आजही ती माझ्या टेबलावर असते.

तर लेबल झालं. रेषा उतरती असली की वरचा उजवा कोपरा रिकामा असतो, म्हणून मी ते तिथे ठेवलं, मागे पांढरी चौकट भरली आणि मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "ये एक पॉइंट लेबल के नीचे दब रहा है. इसे मत ढको. उधर का वकील सबसे पहले यही पूछेगा कि क्या छुपाया." मी चौकट बाजूला सरकवली. खाली एक ठिपका होता. सगळ्यांत जास्त वर्षं काढलेला माणूस, आणि श्वास मात्र नव्या पोरासारखा. टोकाचा ठिपका रेषेला फार ओढतो, बाजेच्या कडेला एकटा माणूस बसला की दुसरी बाजू उचलते तसा. या एकट्याने अख्खी रेषा वर धरून ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, "गलत लगे तो हटा सकते हैं, पर कारण लिखना पड़ेगा. कोई कारण है?" मी म्हटलं, बघते.

त्या गेल्या तशी मी स्टीलची पट्टी स्क्रीनवर आडवी धरली. पार डावीकडे, अगदी थोडी वर्षं झालेल्यांत, नेमक्या त्याच उंचीवर एक ठिपका होता. दोन माणसं, वर्षांत जमीनअस्मानाचं अंतर, आणि फुंकर केसभरही कमीजास्त नाही. मी पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली. तुमच्याइतका जुना माणूस त्या मिलमध्ये दुसरा नव्हता, बाबा.

गेटवर तपासणी झाली त्या दिवशी आई तव्यावर चिला टाकते आहे, तांदळाच्या पिठाचा, आणि तुम्ही दारातूनच हसत येता. भुवयांवर राखाडी धूळ तशीच आहे. "आज मले नवीन फेफडे भेटले," म्हणता. आईला काही कळत नाही. "अवं, तपासणी होती. ज्याची फूक कमी, त्याचा गेटचा पास ठेकेदार ठेवून घेते म्हणे. मी फुकलो असतो तं नुसता खोकला निघाला असता. मंग आपल्या बाजूचा पोट्टा म्हणाला, काका, तुमी बसा. आधी त्याच्या नंबरावर फुकला, मंग माही टोपी घालून माह्या नंबरावर. डॉक्टर म्हणते, बाबूजी, आपके फेफड़े तो जवान हैं!" आपण सगळे हसतो. आई तर डोळे पुसते. हसता हसता तुम्हाला खोकला येतो, तुम्ही चौकट धरून उभे राहता आणि तो थांबतच नाही. आई पाण्याचा गिलास पुढे करते. त्या रात्री पहिला चिला आई शेजारी देऊन आली.

मला त्या हसण्याचा फार राग येतो, बाबा. पास वाचला म्हणून आपण हसलो, आणि त्या पासावर तुम्ही पुन्हा त्याच धुळीत जात राहिलात, पार अंथरुणाला खिळेपर्यंत. स्वतः फुंकलं असतंत तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. उपाशी राहिलो असतो, पण कोण जाणे, तुम्ही आज असतात. तुमच्यासाठी फुंकणाऱ्या त्या शेजारच्या भैयाला तुमच्या मागून तुमचीच भट्टीजवळची जागा मिळाली. तो तुमच्याहून लवकर आटपला. दावा लावणाऱ्या बायकांत त्याची बायको आहे, आपली वहिनी.

गेल्या आठवड्यात ती सही करायला ऑफिसात आली होती. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "यात माह्या घरचे कोनते?" मी डावीकडचा ठिपका दाखवला. तिने पदराने बोट पुसलं आणि त्यावर ठेवलं. "तवा लई दम होता त्यायच्यात. दोन पोती घेऊन जिना चढत." मग तिचं बोट उजवीकडे फिरलं. "आन हा कोन एकटा वर? याले काहीच नाही झालं वाटते. नशीबवान हाय बाई." ती आपल्याच नवऱ्याच्या श्वासाकडे बोट दाखवत होती आणि तो श्वास तिच्याच विरुद्ध उभा होता. मी म्हटलं, हव वहिनी, असेल.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मेलेल्या माणसाले लबाड ठरवून तुले काय भेटणार?" मी म्हटलं, वहिनीला भेटेल. "अन कोर्ट म्हणन, एक खोटा तं सगळेच खोटे. मंग कोनाले काय भेटन?" आईचं चूक नाही. कारण लिहायचं म्हणजे एकाच्या नंबरावर दुसऱ्याने फुंकलं असं लिहायचं, आणि तसं तिथे तुम्ही एकट्यानेच केलं असेल असं थोडंच आहे? समोरचा वकील सगळा कागदच फाडायला लावेल. आपलेच दात, आपलेच ओठ. दोन्हीकडून वहिनीच मरते.

काल दुपारी मॅडम बाहेर गेल्यावर मी तुम्हाला काढून कोड एकदा चालवून पाहिला. एका ओळीचं काम. रेषा अशी खाली घसरली की मी खुर्ची मागे सरकवली. समीकरणातले आकडे आपोआप बदलले, बरोबरची चिन्हं मात्र जागची हलली नाहीत. तुम्ही बघायला हवं होतं. मी ते साठवून न ठेवता बंद केलं. मॅडमनी आल्यावर विचारलं, "कोई कारण मिला?" "नहीं मैडम." लेबल डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात नेलं, तिथे कोणी दबत नाही. प्रती छापून झाल्या. सुनावणी उद्या आहे.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं तर मात्र कोर्टात पोचेल, आणि मगापासून तेच डोक्यात आहे. ठेवणार नाही. विचारलं कोणी तर मी कोर्टाचं आणि वकिलाचं कारण सांगेन, ते खोटंही नाही. पण खरं कारण तुम्हालाच सांगते. शेवटी शेवटी तुम्हाला माझं नाव घेतानाही मधे थांबावं लागायचं. आता साऱ्या जगात ती एकच जागा उरली आहे, जिथे तुम्ही छाती भरून श्वास घेता. तो तुमचा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मला तिथून तुम्हाला काढवलं नाही.