बाजिंदीचा निरोप

बोरिवली (पूर्व)
१२ जानेवारी २०२४

ती. वनमाला आत्यास,
चेतनाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शेजारणीकडून माझे मेसेज वाचून घ्यायला तू तयार नाहीस. म्हणून पोस्टात जाऊन लिफाफे आणले. तिथला कारकून माझ्याकडे बघतच राहिला. एकदम दहा कोण घेतं हल्ली!

आत्या, मी रविवारी घाटकोपरला जाऊन आले. लग्नाला दीड वर्ष झालं, या दीड वर्षात बाबांनी माझा एक फोन उचलला नाही. धम्मपाल म्हणाला, तू एकटी जा, मला बघून उगाच भडकतील. खालीच मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं. लाज वाटली गं, पण ठेवलं. वर मोठी ओढणी घेतली.

बाबा गच्चीवरच होते. कबुतरांच्या खुराड्यात नवी पिल्लं, सहा-सात दिवसांची. रिंगा घालायचं काम चाललं होतं. मला बघून नुसतं एक पिल्लू उचलून माझ्या तळहातावर ठेवलं, पूर्वीसारखं. मीही पूर्वीसारखी पुढची तीन बोटं जुळवून धरली, त्यांनी रिंग सरकवली, मागचं बोट हळूच मोकळं केलं. मग मी बोटाने रिंगेला काजळी लावली. तुला आठवतं ना, तू आली होतीस तेव्हा विचारलं होतंस, एवढी चकचकीत रिंग काळी कशाला करता? चकाकणारं काही घरट्यात दिसलं की आईबापांना ती घाण वाटते. चोचीत धरून बाहेर फेकतात. रिंग पायात असते, तिच्याबरोबर पिल्लूही जातं. म्हणून काजळी.

तीन पिल्लं झाली. मला वाटलं, झालं, आता चहा टाकायला सांगतील. चौथं घ्यायला मी वाकले आणि ओढणी घसरली. पाचवा महिना लागलाय, आत्या. मंगळसूत्र पर्समध्ये ठेवता येतं, पोट कुठे ठेवणार?

बाबांनी पिल्लू माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, या घरात आता तुझी सोय नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मलाही राग आला. जिन्याजवळच्या खणातून मी बाजिंदीला उचललं. ती निळ्या पट्ट्यांची मादी, पिल्लू असताना मी हाताने भरवलेली. पिशवीत घातली आणि जिन्यातून सांगितलं, तुम्ही फोन घेत नाही, तर बाळ झालं की हिला सोडीन, ही परत आली म्हणजे कळेल. कबुतराला हात लावू न देणारा माणूस, पण अडवलं नाही त्यांनी. आता ती आमच्या गॅलरीत पिंजऱ्यात आहे आणि सासूबाईंची ज्वारी फस्त करतेय.

तू काहीतरी लिही ना त्यांना. तुझं ते ऐकतात. लोभ असू दे, आणि माझ्यासाठी थोडा वशिला.

तुझी,
चेतना

———

कुडाळ
२२ जानेवारी २०२४

चि. काशीरामास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिला तो रीत म्हणून. खरं तर पायातली काढून तुझ्या पाठीत घालायला हवी. मेल्या, पोटुशी पोर दारात आली आणि तू तिला वाटेला लावलीस? चेतनाची आई असती तर तुलाच गच्चीवर कबुतरांत झोपायला पाठवलं असतं तिने.

मला सांग, मुलगा दारू पितो? मारतो? पवईला चांगली नोकरी आहे, आईला सांभाळतो, पोरीला फुलासारखी ठेवतो. मग अडतं कुठे ते मला कळतं रे, मी काही काल जन्मले नाही. पण आपले वडील गिरणीतल्या ज्या माणसाच्या डब्यातली भाकरी खाऊन संपाचे दिवस काढत होते, तो कुणाच्या घरचा होता ते तूही जाणतोस. तेव्हा आपल्याला ती भाकरी गोड लागली.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण करायचं असतं. माहेरचं कोणी नको का? गुपचूप बोरिवलीला जा, पोरीला खणनारळ दे. गावात कोण काय म्हणेल ते माझ्यावर सोड. मला तसंही ऐकू येत नाही.

सर्दीकडे बघ. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय खुराडं झाडू नकोस. राग गेला की लोभ करीन.

तुझी,
ताई

———

घाटकोपर
५ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
काशीरामचा सा. नमस्कार.

पत्र पावलं. जोडाही पावला.

तू म्हणतेस गावाचं तुझ्यावर सोड. ताई, भावकीतल्या गुणाजीने फोन करून सरळ सांगितलं, मुलीला घरात घेतलीस तर जत्रेत आपल्या घराचा मान पुढच्या घराला जाईल. चार पिढ्यांचा मान आहे. माझ्या हातून जायचा? आणि तू मला शिकवतेस, पण गेल्या जत्रेला तू चेतनाला बोलावलंस ते एकटीलाच ना? जावयाला आण असं लिहायला तुझी शाई संपली होती काय? रागावू नकोस. मी तेवढा वाईट नाही आणि तू तेवढी चांगली नाहीस, एवढंच.

इकडे थंडी बरी आहे. सोसायटीने पुन्हा नोटीस लावली, गच्चीवर दाणे टाकू नयेत. मी आता खुराड्यातच देतो, मका, बाजरी, थोडी मसुरी. परवा एक वाईट झालं. दुसऱ्या जोडीच्या पिल्लांना रिंगा घातल्या आणि काजळी लावायची राहून गेली. ते काम नेहमी चेतना करायची, माझ्या हाताला त्याची अजून सवय नाही. सकाळी एक पिल्लू खाली फरशीवर होतं. मेलेलं. बापाने फेकलं की आईने, काय सांगणार. दोघं शांतपणे दुसऱ्याला भरवत बसली होती. मला त्या नराचा इतका राग आला की दिवसभर त्याला दाणे घातले नाहीत. मुकं जनावर, त्याला काय समजतंय.

बाजिंदीचा खण रिकामा ठेवलाय. दार उघडंच असतं. पोरीची तब्येत कशी आहे? मी विचारत नाही, तू तुझ्या पत्रात लिहिशील म्हणून म्हटलं.

तुझा लोभ आहे हे मारातूनही कळतं.

तुझा,
काशीराम

———

बोरिवली (पूर्व)
१७ मार्च २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी साडी मिळाली. हिरवी धम्मक! नेसल्यावर मी आरेच्या जंगलासारखी दिसते असं धम्मपालचं मत पडलं. त्याला त्या दिवशी जेवायला उशिरा वाढलं.

डोहाळेजेवण झालं. सासूबाईंनी, शकुआईंनी, सगळं केलं. बुद्धवंदना झाली, मग फुलांचे दागिने, पाळणा, तुम्ही करता तसंच. त्यांनी बाबांसाठी एक खुर्ची ठेवली होती. मी म्हटलं, काढा, ते येणार नाहीत. नाही काढली. शेवटी तिच्यावर बायकांनी पर्सेस ठेवल्या. तूही आली नाहीस. गुडघे दुखतात हे खरं असेल, पण मनातलं बोलू? मला वाटलं होतं तू येशील.

असू दे. पाय खूप सुजलेत, चप्पल जात नाही. पैंजण तेल लावून काढावे लागले. ब्लडप्रेशर वर आहे म्हणून डॉक्टरीणबाई मिठाला हात लावू देत नाहीत. वैशाखातली तारीख दिलीय. बाजिंदी माझ्यासारखीच जाड झालीय, तिलाही बाहेर सोडत नाही ना. सकाळी दाणे घालताना मी तिला सांगते, थोडं थांब, आपलं काम आहे. घाटकोपरच्या दिशेला तोंड करूनच बसते, बाई. इतके दिवस झाले तरी. शकुआई विचारतात, हिला का कोंडलंय? मी हसून सांगते, वेळ आली की कळेल.

बाबांना माझं बरं आहे म्हणून कळव. सुजेचं लिहू नकोस. आशीर्वाद पाठव, तो पार्सलने नको, साधा चालेल.

तुझी,
चेतना

———

घाटकोपर
१० एप्रिल २०२४

ती. ताईस,
काशीरामचा सा. नमस्कार.

ताई, बाजिंदी आली! काल गुढीपाडवा. गुढी उतरवून गच्चीवर गेलो तर बाईसाहेब आपल्या खणात बसलेल्या, जणू कधी गेल्याच नव्हत्या. मी आजोबा झालो. मला वाटत होतं अजून महिना आहे, पण पिल्लं काय कुणाला विचारून अंडं फोडतात? जरा लवकर आलंय, नाजूक असेल. होईल धट्टंकट्टं. अशी कितीतरी मी हाताने जगवलीत.

फोन उचलून हातात धरला होता. पण दीड वर्षानंतर फोनवर काय बोलू? जाऊनच उभा राहतो. सोयराचे दिवस संपू देत, बारशाच्या दिवशी जातो, रीतीनेच. मुलगा की मुलगी ते बाजिंदीने सांगितलं नाही, म्हणून पेढे आणि बर्फी दोन्ही नेणार. काल संध्याकाळीच सराफाकडून चांदीचे वाळे आणले. त्याने विचारलं केवढा पाय, मी अंगठा दाखवला. तो हसला. अगं, आयुष्यभर मी पायांची मापं घेत आलो.

गुणाजीला कळवून टाकलंय, मान पुढच्या घराला देऊन टाक. एका दमात बोललो. नंतर बरं वाटलं. तूही आता जावयाला पत्र लिही, नावानिशी. बाजिंदीलाही बारशाला नेतोय, पोरीला परत देतो. माझा सगळ्यांवर लोभ आहे म्हणून सांग, मला तसं लिहिता येत नाही.

तुझा,
काशीराम

———

बोरिवली (पूर्व)
२६ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
चेतनाचा नमस्कार.

तुझे डिंकाचे लाडू परवा आले. बरोबर धम्मपालच्या नावाने पत्र, चि. जावईबापू म्हणून. त्याने ते दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं. लाडवांचं काय करायचं ते शकुआईंना कळेना, शेवटी त्यांनी डबा फडताळात वर ठेवला.

आत्या, बाळ नाही. पाडव्याच्या दोन दिवस आधी माझं डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे अंधार आला. हॉस्पिटलात नेईपर्यंत फिट आली. मी वाचले. मुलगी होती. रडलीच नाही. धम्मपालने तिला हातात घेतली होती, मला शुद्ध नव्हती. तिचे केस खूप होते असं तो सांगतो.

सगळे दवाखान्यात होते. पाडव्याला शकुआई कपडे न्यायला घरी आल्या, तर बाजिंदी उपाशी, पिंजऱ्यात पाण्याचा थेंब नाही. घरी दाणे घालायला कोणी नाही, तिच्या जिवाचा तळतळाट नको, म्हणून त्यांनी गॅलरीत पिंजरा उघडला. त्यांना काय माहीत? त्यांना सांगितलंच नव्हतं मी. गंमत म्हणून राखून ठेवली होती.

बाबांना कळवायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी ते फोन घेत नाहीत हेच डोक्यात बसलेलं होतं. शनिवारी दुपारी बेल वाजली. नवा शर्ट, एका हातात मिठाईची पिशवी, दुसऱ्या हातात बाजिंदीची टोपली. शकुआईंना नमस्कार करून म्हणाले, मी चेतनाचा बाप, आमचं पिल्लू कुठाय? हसत विचारलं, आत्या. मला आठवत नाही त्यांना असं हसताना कधी पाहिलं.

शकुआई रडायला लागल्या. मग बाबांना समजलं. खिशातून डबी काढली, वाळे दाखवले, पुन्हा झाकण लावलं. म्हणाले, घरी चल, मी तुझं करीन सगळं. खूप दिवस मी ते ऐकायची वाट बघत होते. जानेवारीत म्हणाले असते तर धावत गेले असते. मी सांगितलं, बाबा, सातव्या दिवसाची रिंग नंतर जात नाही, पाय मोठा होतो. तुम्हीच शिकवलंत. त्यांनी मान हलवली. धम्मपालने पाणी आणून दिलं, ते त्याच्या हातून प्याले. त्याच्या खांद्यावर थोडा वेळ हात ठेवला आणि उतरून गेले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

तुझ्यावर माझा राग आहे आणि प्रेमही आहे. दोन्ही राहू दे. ये म्हणून लिहीत नाही, यावंसं वाटलं तर ये.

टोपली ते इथेच विसरले, बाजिंदी तिच्यातच होती, शकुआई दाणापाणी घालत होत्या. आज सकाळी मी गॅलरीत जाऊन तिचं झाकण उघडलं. बाजिंदी कठड्यावर बसली, मग गेली. एव्हाना पोचली असेल, तिचा खण उघडा असतो. बाबांना लगेच कळव, नाहीतर उगाच काही समजून बसतील. या वेळी तिच्याबरोबर निरोप काही नाही.

तुझी,
चेतना