अडीच तोळ्यांचा बाण

१४ सप्टेंबर, रविवार

हलका की जड — या एका प्रश्नावर आज अख्खी दुपार गेली! तेवढ्यात मी पुरणपोळ्या करून, जेवून, झोपून उठले असते.

सत्यजितने एक्सेल शीट केलीय. माझ्या बाणांची. नवऱ्याने जन्मात धनुष्य ओढलेलं नाही, पण रंगीत ग्राफ तयार. हलका बाण ३४० ग्रेनचा, वेगात आणि सरळ जातो. जड ४५० चा, हळू जातो, लवकर खाली येतो. "यार, डेटा क्लिअर आहे." तुझ्या डेटाला सांग, हरणाला बरगड्या असतात. माझं धनुष्य पंचेचाळीस पौंड ओढीचं, हात आखूड. हलका बाण हाडावर आपटला की अडकणार, आणि हरीण तो अंगात घेऊन पळणार. इथेच, आमच्या ईडन प्रेरी गावात कुणाच्या तरी बॅकयार्डमध्ये, ट्रॅम्पोलिनखाली, दोन दिवस कण्हत मरणार. ते मला नकोय. हरीण मिळालं नाही तरी चालेल, पण ते नकोय.

आयुष्यभर मटण खाल्लं. एकदा तरी स्वतःच्या हाताने शिकार करायची आणि नीट करायची, एवढंच ठरवलंय. यात एवढी चर्चा कसली?

१५ सप्टेंबर

धनुष्याच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने न विचारता गुलाबी पिसांचे बाण पुढे केले. हलके. "लेडीज लव्ह दीज." म्हटलं, अमरावतीला कॉलेजात तीन वर्षं तिरंदाजी केलीय. तो म्हणाला, ओ नाइस, आणि परत तेच गुलाबी सरकवले. जड घेतले. काळे. टोकं फिरवून बसवायची असतात, तीही जड घेतली.

१७ सप्टेंबर

संजयचा फोन — सत्यजितचा ऑफिसातला मित्र. पनीरखेरीज काही खात नाही, पण दोन व्हिडिओ बघून शिकारी झालाय. "वहिनी, स्पीड इज एव्हरीथिंग." मी फोन स्पीकरवर टाकला आणि कांदे चिरत बसले. माझे अख्खे पोहे झाले तरी त्याचं चालूच.

२१ सप्टेंबर, रविवार

जेवताना पुन्हा तोच विषय. सासूबाई समोर, तरी ह्याला भान नाही. सत्यजितचे बाबा मार्चमध्ये गेले, म्हणून आईंना जुलैत इकडे आणलं. त्या कट्टर शाकाहारी. माझ्या शिकारीला नाही म्हणाल्या नाहीत. "तुझी मर्जी" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची भांडी वेगळ्या कपाटात लावली. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मला बोलता आलं असतं.

त्यांनी विचारलं, ग्रेन म्हणजे किती? सत्यजितने फोनवर हिशेब केला — ४५० ग्रेन म्हणजे बरोब्बर अडीच तोळे, जुने तोळे. आई स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या, माझी एकेक पाटली तेवढ्याची आहे. मग, "एवढ्याशाने जीव जातो?" मी म्हटलं, नीट लागला तर जातो. त्यांनी ताट उचललं.

२५ सप्टेंबर

रोज संध्याकाळी पन्नास बाण. खांदा भरून आलाय. वीस यार्डांवर सगळे एका मुठीत! जड बाण खाली येतो म्हणे. येतो तर येऊ दे, मी तेवढं वर धरते. यासाठी ग्राफ लागत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा. आईंनी पाटावर लॅपटॉप, कारच्या किल्ल्या, शिवणाची कात्री आणि स्वयंपाकाचा इन्स्टंट पॉट मांडला. सत्यजितने माझं धनुष्य आणि बाण घासूनपुसून ठेवले. म्हटलं, आज सुधारला वाटतं! आईंनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. इन्स्टंट पॉटलाही वाहिलं. धनुष्याला नाही. मला वाईट वाटलं, फार वाटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

नापास!!

पार्कात हरणं फार वाढली की इथे शिकारीला परवानगी देतात, पण त्यासाठी आधी परीक्षा असते — वीस यार्डांवर जेवणाच्या ताटाएवढा गोल, पाचातले चार आत हवेत. दसऱ्यापासून बाण पाटावरच होते, सराव झाला नव्हता. माझे पहिले तीन ताटाच्या वरून गेले. सगळे एकाच जागी, वर. हात हलला असता तर इकडेतिकडे गेले असते. घरी येऊन एक बाण काट्यावर ठेवला. ४५० ऐवजी ४००!

सत्यजितला विचारलं. खाली बघून म्हणाला, "पूजेसाठी टोकं काढलीच होती पुसायला, तर हलकी लावली. चार्टप्रमाणे." दसऱ्याला! देवासमोर ठेवायच्या आधी! बरं, सांगितलं का नाहीस? म्हणे, सरप्राइज.

मी ओरडले. इतकी ओरडले की आई खोलीतून बाहेर आल्या. त्यांच्यासमोरच म्हटलं — एखाद्या जिवावर सोडला असता तर? वर लागून पाठीत रुतला असता, मग कुठे शोधलं असतं त्याला? हे गणित नाहीये रे, ते जनावर आहे! रडू आलं ते वेगळंच. आई माझ्याकडे बघत राहिल्या, मग आत गेल्या.

५ ऑक्टोबर

अबोला.

११ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा परीक्षा. जुनी टोकं, पाचही आत. परीक्षक म्हणाला, हेवी सेटअप, गुड. बाई, पहिला माणूस हा! सत्यजित गाडीत बसून होता, त्याने शीट डिलीट केल्याचं सांगितलं. मी हो म्हटलं. बॅकअप असणार.

२४ ऑक्टोबर

दिवाळी आवरली. उद्या पहाटे. चकल्या डब्यात भरल्यात, झाडावरच्या बाकावर बसून खायला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

झालं.

आठच्या सुमाराला मादी आली. पंधरा पावलांवर, आडवी उभी. मी ओढलं तेव्हा तिने कान हलवला, बस. बाण आरपार गेला. पलीकडे मातीत उभा राहिलेला दिसला. ती थोडी धावली, थांबली, गवतात बसली आणि मान टाकली. मला सगळं दिसत होतं. बाकावरून उतरायला मात्र अर्धा तास लागला.

सत्यजितला फोन केला. आला, ओढायला मदत केली. "हेवीच बरोबर होता," म्हणाला. मला त्यात काही सुख वाटलं नाही.

२६ ऑक्टोबर

सकाळी आई आपणहून गॅरेजमध्ये आल्या. मी धनुष्य पुसत होते. "फार तडफडलं का गं?"

म्हटलं, नाही आई. चारपाच श्वास घेतले असतील.

त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना जायला सात महिने लागले. नळ्या लावून."