माझ्याविना चित्र मुकेच

३ जानेवारी १९२८, वाशीम
आजपासून डायरी. रऊफसेठच्या तंबूत मुका बायस्कोप चालतो. पडद्याशेजारी उभा राहून त्यावर उमटणाऱ्या पाट्या वाचणारा आणि गोष्ट समजावून सांगणारा मी. मला कलेचा व्याख्याता म्हणायला हवे, पण गाव 'बोलता मास्तर' म्हणते. सध्या लागलेय काय, तर घोडा, तलवार, तोंडाला फडके बांधलेला हीरो, शेवटी लग्न. मागच्या पिक्चरमध्येही हेच. फक्त घोडा पांढरा होता. शिसारी आली.

५ जानेवारी
फाइट सुरू झाली की पब्लिक ओरडते, मास्तर, आवाज काढा! मग धाड! फाड! घोड्याच्या टापाही तोंडानेच. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाने जिभेने टापा वाजवायच्या! किळस. उद्यापासून टापा बंद.

६ जानेवारी
टापा वाजवल्या. कालच्या नीट जमल्या नव्हत्या, सुधारणे कर्तव्य होते. वन्स मोअर मिळाला.

९ जानेवारी
सेठला बजावले, एखादे आर्टिस्टिक पिक्चर आणा, नाहीतर मी सोडतो. सेठ म्हणाले, एका विधवेचं पिक्चर येऊन राह्यलं, मारामारी बिलकुल नाही. पण पब्लिक उठून गेली तर तुमाले तिथं कायले उभं ठेवू? म्हणजे माझी जागाच पणाला. बेधडक हो म्हणालो. कला समजावणारा मी असताना पब्लिक उठेल कशाला?

११ जानेवारी
पिक्चर आधी एकट्याने पाहिले. बाई विहिरीवर बसते. बराच वेळ बसते. अप्रतिम! मध्ये डोळा लागला, तो तन्मयतेमुळे. विहिरीच्या सीनसाठी भाषण लिहिले. सीन भाषणापेक्षा आखूड आहे. ही डायरेक्टरची चूक.

१३ जानेवारी
घोड्याचे पिक्चर संपले एकदाचे. शेजारच्या अनसिंग गावाहून मंडळी आली होती, म्हणून शेवटची फाइट जरा जोरात केली. घसा बसला. पुन्हा असला थिल्लरपणा नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
आवाज पार गेला. जो तो तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतो, मी हातवारे करतो. संध्याकाळी आर्टिस्टिक पिक्चर. ओठ हलवले, हवाच आली. माझ्या इशाऱ्याअभावी पेटीवाला खेमाही गप्प. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. विहिरीच्या सीनला बायकांच्या बाजूने नाके ओढल्याचे आवाज. सर्दीची साथ दिसते. संपल्यावरही कोणी उठेना. बिचारे इतके गोंधळले होते.

१५ जानेवारी
तंबू गच्च. कालचेच लोक घरच्यांना घेऊन आलेले. काल समजले नाही, दुसरे काय! आमची प्रयागबाई म्हणते, काल पह्यल्यांदा मले पिक्चर समजलं, तुमी बोलून नव्हते राह्यले ना. बायकोशी कलेची चर्चा करू नये.

१६ जानेवारी
ज्येष्ठमधाने आवाज मोकळा! विहिरीचा सीन येताच खाकरून सुरुवात केली, 'रसिकहो, कला म्हणजे...' सगळा तंबू एकदम 'शूऽऽ!' समोरून जानराव पाटलांनी, मास्तर, बसा खाली, असे दटावले. बसलो. असा संताप आला!

पिक्चर सुटल्यावर सेठनी बाजूला घेतले. उद्यापासून तुमी घरीच आराम करा, म्हणाले. म्हटले, काळजी नको, घसा आता ठणठणीत आहे.

सेठ म्हणाले, म्हनूनच.