मासवडीखालचं नाव

प्रिय सुलू,

तब्येतीचं लिहीत बसत नाही, ते दर रविवारी फोनवर होतंच. तू पाठवलेलं पुस्तक मिळालं. तुमच्या गावच्या लायब्ररीचं छप्पर गळतंय म्हणून तिथल्या बायकांनी आपापल्या घरचे पदार्थ लिहून पुस्तक छापलं, हे मला पटलं. आपल्याकडं पावतीबुकं घेऊन दारोदार फिरले असते. नाताळाच्या आधी परत छापणार हाय, चूक असली तर कळव, असं तू लिहिलंस. चुका दोन आहेत. फोनवर सांगता येत नाहीत, कारण फोन पुढच्या खोलीत आन् तिथंच आप्पांची खाट.

इंग्रजी मला काय येणार, मी चौथीत शाळा सोडलेली. शेजारच्या अयुबभाईंची अफरीन कुरकुंभला औषधाच्या कंपनीत लॅबला असते, ती सुट्टीच्या दिवशी येऊन वाचून दाखवते. पहिल्या दिवशी नुसते कप आन् चमचेच झाले. कप भरायचा, वरून सुरी फिरवून सपाट करायचा, मग पातेल्यात घालायचा. अफरीन म्हणाली, काकू, हे आमच्या लॅबसारखंच हाय, फक्त शेवटी खायचं. एका बाईनं डब्यातलं सूप ओतून वर खारी बिस्किटं कुस्करलीत आन् भट्टीत घातलंय. दुसरीनं कोबीत गोड जेली घालून त्याला कोशिंबीर म्हटलंय. खातात बिचारे. प्रत्येक पदार्थाच्या वर लिहिलंय, किती जणांना पुरेल. सहा जणांना. मी विचारलं, सातवा आला तर? ती म्हणाली, तिकडं सांगून येतात. आपल्याकडं जेवणाऱ्याच्या भाकरी मोजल्या तरी आजी हातावर मारायची.

आन् प्रत्येक पदार्थाच्या खाली एका बाईचं नाव. अमकीच्या आजीचा केक, तमकीच्या सासूचं लोणचं. हे मात्र मला नवं होतं. इथं जन्मभर रांधलं तरी कुणी नाव घालत नाही. भांड्यावर घालतात, तेही नवऱ्याचं.

मग तुझी मासवडी आली. त्यात तू लिहिलंस, शिजवलेलं पीठ थोडं गार होऊ द्या, मग कापडावर थापा. ही पहिली चूक. गार झालं की वडी चिरते. हात भाजत असतानाच थापायची असती. तुला सोसलं नसेल म्हणून तसं लिहिलंस, पण ते दुरुस्त कर. त्याखाली अफरीननं बोट ठेवून वाचलं, माझ्या आईची, म्हाळसाबाईंची, खुटबाव, जिल्हा पुणे. तिला वाटलं मी पेढे वाटीन. मी म्हणाले, मिट ते, दूध उतू जातंय. चुलीवर दूध नव्हतंच.

शिरूरची अनसामावशी तुला आठवत असंल. तुझ्या लग्नात मागं खांबापाशी उभी होती आन् पंगत बसायच्या आधी निघून गेली. ती तुझी मावशी नव्हे. ती आप्पांची पहिली बायको. सहा वर्षं मूल झालं नाही म्हणून मला आणली. तू कारखान्याच्या कॉलनीत, पाटसला वाढलीस. खुटबावात वाढली असतीस तर पाणवठ्यावरच कळलं असतं, म्हणूनच आप्पांनी नोकरी संपेपर्यंत पाटस सोडलं नाही.

मी आले तवा अठरा वर्षांची, मला भाकरीसुद्धा धड येत न्हवती. तिनंच सगळं शिकवलं. मोजमाप काही नाही. पीठ पातेल्यातून सुटायला लागलं की काढ, म्हणायची. खोबरं, तीळ, खसखस भाजताना वास बदलला की उतरव. माझी वडी दोन वर्षं चिरत होती. चिरलेली ती खायची, धड असलेली आप्पांच्या ताटात वाढायची आन् धाकटीनं केलीय म्हणून सांगायची. मी पोटुशी राहिले तवा मला तिच्याच हातची लागायची. तू झालीस. तिच्याकडं दिली की गप व्हायचीस, माझ्याकडं आलीस की रडायचीस. तुझ्या बारशाला मासवडी मी एकटीनं केली, सगळ्या गावाला, एकही चिरली नाही. त्याच दिवशी मी आप्पांना सांगितलं, आता तिचं हितं काय काम? ती ऱ्हाईल न्हाईतर मी.

सासूनं सांगितलं नाही, आप्पांनी सांगितलं नाही. मी सांगितलं. तिचा भाऊ पोपटराव येऊन घेऊन गेला. जाताना मला म्हणाली, पोरीला वडीतली खसखस जास्त देऊ नको, झोपून ऱ्हाती. एवढंच बोलली.

मागच्या सोमवारी ती वारली. पोपटरावांचा फोन आला. आप्पा जेवत होते. मी सांगितलं, ते म्हणाले, कवा? मग हात धुतला, डोक्यावरून आंघोळ केली आन् खाटेवर पडले. शिरूरला आले नाहीत. मी चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या गाडीनं गेले. पोचले तवा सगळं उरकलं होतं. त्या घरात चूल पेटलेली नव्हती, शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली होती. मी खाल्ली. चव कळली नाही, पण दोन भाकरी खाल्ल्या. एका म्हातारीनं विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हणाले, धाकटी. तिला वाटलं धाकटी बहीण. म्हणाली, तोंडावळा सारखाच हाय. मी ताट धुवायला उठले. रडूही आलं नाही. आज आठ दिवस झाले, अजून आलेलं नाही. सकाळी उठते, दळण करते, आप्पांना चहा देते, परत बसून राहते.

तुला राग येईल तर येऊ दे. मला माफ कर म्हणून लिहीत नाही, ज्यानं करायचं ते माणूस गेलं. लिहिते ते दुसऱ्या चुकीसाठी. वडी माझी नाही, तिची हाय. छापणारीला सांग, माझं नाव काढा आन् अनसाबाई, शिरूर, असं घाला. ती विचारील, मग वरची ओळ काय करायची, 'माझ्या आईची' म्हणून लिहिलंय ती? ती काढू नको. ती तशीच राहू दे. फक्त नाव बदल.

तुझीच,
म्हाळसा