पाटीवरचा नंबर

९ नोव्हेंबर, देवास

सात महिने एक ओळ नाही. वही, रागावू नकोस. दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्या तपासून विम्याचे सर्व्हे लिहायचे, मग स्वतःसाठी शब्द उरत नाहीत.

आता इंदूरच्या राजवीरचं काम. तो जुन्या गाड्या जमवतो. दोन पसंत केल्यात – धारला बापूसाहेबांची १९५२ची एमजी, इथे रत्नाकररावांची १९५८ची ट्रायम्फ. "मॅडम, एक ही लेनी है. ओरिजिनल कौन-सी, बस वो लिख दो." म्हणजे माझ्या सहीवर ठरणार.

११ नोव्हेंबर

ट्रायम्फ पाहिली. रत्नाकरराव कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडी स्वतः खोलून बारा वर्षांत उभी केली. दोन लिटरचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक; बायपासला ऐंशीवर नेली तरी स्टिअरिंग शांत. वाटलं, हीच.

मी विचारायच्या आत म्हणाले, "बोनेट मूळचं नाही हं. इंदूरला बनवून घेतलंय. लिहा तसं." लिहिलं.

क्लच दाबताना गुडघा धरतो, म्हणून विकतायत. "राजवीरला म्हणावं, शोकेसमध्ये ठेवू नकोस. चालव."

१४ नोव्हेंबर, धार

एमजी. चालवायला ट्रायम्फपुढे बिचारी – सव्वा लिटरचं इंजिन, चढावर दम लागतो. पण अस्सल. लाकडी सांगाडा, उलटी उघडणारी दारं, सीटचं चामडंसुद्धा पहिलं. जमवणारे यावरच जीव टाकतात. फक्त गाडीचा मूळ नंबर दिसायला हवा. चॅसीवर ठोकलेला गंजात गेलाय. राहिली बोनेटखालची पितळी पाटी.

पाटी आरशासारखी. एक आकडा नाही.

बापूसाहेबांच्या बहीण अक्का चहा घेऊन आल्या. "दर खंडेनवमीला पूजेआधी मीच घासते, चिंच लावून. समयांबरोबर. चाळीस वर्षं झाली. चकाकते की नाही?"

"चकाकते," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या आत गेल्यावर बापूसाहेब हळू म्हणाले, "नंबर आरसी बुकात आहेच. पाटीवर वाचला असं लिही, मधू. तुझ्या वडिलांनी आमच्याकडे मेकॅनिक म्हणून तीस वर्षं सांभाळली ही. मी पुण्याला लेकीकडे गेलो की पुतण्या हिला वरातीला लावणार. पुढे डीजे, मागे ही."

दरडावले असते तर सोपं होतं. विनवत होते.

नंबर बहुधा तोच असेल. बहुधा – हा शब्द मी ज्युनिअरना रिपोर्टमध्ये कधी लिहू दिला नाही.

१६ नोव्हेंबर

रिपोर्ट पाठवला. त्या एका ओळीबद्दल आज लिहीत नाही. थकले.

२१ नोव्हेंबर

राजवीरने एमजी ठरवली. परवा नेणार. बापूसाहेबांचा फोन आला, दोनदा 'सुखी राहा' म्हणाले.

मग रत्नाकररावांचा. वाटलं, भांडतील. "रिपोर्ट दाखवला मला राजवीरनं. बोनेटचं स्वच्छ लिहिलंत मॅडम, बरं केलंत. आणि पाटीवर नंबर शाबूत असेल तर तीच घ्यायला हवी. मीही तीच घेतली असती."

'नंबर पाटीवर स्पष्ट वाचला.' खाली माझी सही.

उद्या – दहाच्या आत राजवीरला फोन. पाटी कोरी आहे, हे सांगायचं.