झोपलेल्या सदस्याचं मत

३ जानेवारी १९५६, बुऱ्हाणपूर

नागपूरहून तार. विधानसभेची समिती सोमवारी येतेय — आमचं सरकारी कापूस संशोधन केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, ते इथेच मतदान करून ठरवणार. बंद झालं तर माझ्यासारख्या कारकुनाची बदली बस्तरला. घरी विमलने आत्तापासूनच तोंड पाडलंय.

५ जानेवारी

शेतावरचा मुकादम चुडामण विचारत होता, "साहेब, नऊ वरीस या झाडांच्या मांगे हिंडलो. उपटाले मलेच लावतील का?" समितीच्या नियमांचं पुस्तक उघडून बसलो.

९ जानेवारी

अठरा सदस्य. त्यातले एक तृतीयांश तरी हजर हवेत. आले अध्यक्ष धरून सहाच! एकजण जरी उठून गेला तरी सभा बाद.

त्यांतले गिरधरराव इथल्याच देडतलाई भागातले, म्हणजे मत आपलं. सिंधीपुऱ्यातून आणलेली मावा जिलेबी त्यांना आग्रह करकरून वाढली. "मतं सारखी पडली तर काय होतं हो, प्रभाकरराव?" त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं — मग अध्यक्ष मत देतात, आणि वहिवाट अशी की जे चालू आहे ते चालू ठेवण्याच्या बाजूने देतात. त्यांनी आणखी दोन जिलेब्या घेतल्या.

आणि मतदानाच्या वेळी हे गृहस्थ घोरत होते! बंद करायला दोन हात, चालू ठेवायला दोन. मी दोनदा फाइल आपटली. पाण्याचा पेलाही पाडून पाहिला. ढिम्म. हक्काचं मत मीच जिलेबी चारून घालवलं! आता सगळी भिस्त अध्यक्षांच्या वहिवाटीवर.

एक सदस्य कुरकुरले, "झोपलेला माणूस हजर कसा धरायचा?"

अध्यक्ष म्हणाले, "खुर्चीत आहेत, म्हणजे हजर. मत मात्र हात वर केला तरच." मग वहिवाटीप्रमाणे त्यांनी स्वतःचं मत दिलं. केंद्र वाचलं! दारात उभ्या चुडामणने डोळे पुसले. मीही पुसले.

१० जानेवारी

विमल म्हणते, "यापुढे पाहुण्यांना वाढायचं काम तुमच्याकडे नको."

१७ जानेवारी

गिरधररावांचं पाकीट आलं. "लहानपणापासून हीच जिलेबी खातोय, तिने मला झोप येत नाही. केंद्र बंद करा असा पक्षाचा हुकूम होता. घोरणं बरं जमलं ना? आमच्याकडे सगळे तुमचंच बियाणं पेरतात, यंदाही पाठवा. पत्र फाडून टाका."

पत्र फाडलं. आता हे पानही फाडावं लागणार.